परक्या गावातला ताप

प्रवासाची तयारी करताना आपल्या घरांत एका गोष्टीचे नाव कोणी घेत नाही. उमऱ्याला निघालेल्या माणसाच्या सामानात तसबीह असते, दुआंचे छोटे पुस्तक असते, शेंगदाण्याची चटणी आणि धपाटी असतात. परत आल्यावर कुणाला किती खजूर वाटायचे, याचाही हिशेब झालेला असतो. पण ‘तिकडे ताप आला तर?’ असे कोणी विचारले, की घरातली वडीलधारी बाई लगेच म्हणते, ‘‘मुँह से अच्छी बात निकाल.’’ तिच्या बोलण्यात मायाच असते. पण आजार काही पासपोर्ट-व्हिसा पाहून येत नाही. तो घरी येतो तसा परदेशातही येतो आणि तिथे आला की चौपट मोठा वाटतो.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. पन्नाशी ओलांडली आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत मी आणि मुलांचे अब्बू उमऱ्याला गेलो. टूरवाल्यांच्या गटातून न जाता आमचे आम्हीच गेलो. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने व्हिसा काढला, हॉटेल ठरवले, मदिना ते मक्का रेल्वेची तिकिटे काढली आणि दोघांना एकेक सॅक घेऊन दिली. ‘‘अम्मी, पाठीवर अडकवायची आणि चालायचं. बॅगा ओढत बसू नका,’’ म्हणाला. नणंदेने पाहिले आणि हसून विचारले, ‘‘भाभी, कॉलेज के बच्चों जैसे चले क्या?’’ खरे सांगायचे तर मला ती सॅक आवडली होती. तिच्यात चार जोड कपडे, औषधांची पिशवी आणि एक वही होती.

त्या वहीबद्दल सांगायला हवे. उमऱ्याला जाणार हे कळल्यावर गल्लीतल्या आणि शाळेतल्या बायका ‘आमच्यासाठी दुआ करा’ म्हणू लागल्या. कुणाचे नाव सुटू नये म्हणून मी वही केली. त्रेसष्ट नावे झाली. एका बहिणीला लग्नानंतर अकरा वर्षे मूल नव्हते. एका सहकारी शिक्षिकेच्या पतीचे डायलिसिस चालू होते. ती हिंदू, दर वर्षी कोजागिरीला तुळजापूरला पायी जाणारी. तिने माझा हात धरून सांगितले, ‘‘बाई, यांचं नाव घ्या तिथं.’’ आठवीच्या मुलींनी स्वतःच्या अक्षरात आपापली नावे लिहिली. शेजारच्या शेतकरी काकांनी फक्त ‘पाऊस’ एवढेच लिहवून घेतले. ती वही सॅकमध्ये सगळ्यांत वर ठेवली होती.

आम्ही आधी मदिनेला उतरलो. पहिले दोन दिवस अल्हम्दुलिल्लाह फार चांगले गेले. तिसऱ्या दिवशी असरनंतर पोटात मुरडा आला. मगरिबपर्यंत चार-पाच वेळा जुलाब झाले आणि इशाच्या अजानच्या वेळी अंगात थंडी भरली. मी मस्जिद-ए-नबवीच्या बायकांच्या भागात भिंतीला टेकून बसले होते. शेजारच्या इंडोनेशियन बाईने माझ्याकडे पाहिले, कपाळाला हात लावला, तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली आणि पर्समधून छोटी बाटली काढली. निलगिरीसारख्या वासाचे तेल होते. तिने ते माझ्या तळहाताला, मानेला चोळले. पलीकडच्या तुर्की बाईने लिंबाच्या वासाचे अत्तरासारखे पाणी रुमालावर शिंपडून दिले. दोघींचे एक अक्षर मला कळत नव्हते. तरी माझे काय दुखते आहे, ते त्यांना कळले होते.

खोलीवर आल्यावर थर्मामीटर लावला. ताप १०२ च्या वर होता. मुलांचे अब्बू म्हणाले, ‘‘सकाळपर्यंत वाट पाहू का?’’ मी म्हणाले, ‘‘नको. आत्ताच जाऊ.’’ शाळेत पोरे चक्कर येऊन पडतात, तेव्हा मी पालकांना हेच सांगत आले आहे. जुलाब आणि ताप बरोबर आले की शरीरातले पाणी झपाट्याने कमी होते, आणि वय झाले असेल, बीपीची गोळी चालू असेल तर रात्रभर थांबणे धोक्याचे असते. हॉटेलच्या काउंटरवर सांगताच त्यांनी गाडी बोलावली.

दवाखान्यात पहिला अडथळा भाषेचा होता. डॉक्टर अरबी आणि थोडे इंग्रजी बोलत होते. मुलांच्या अब्बूंचे इंग्रजी तलाठी कार्यालयातल्या कागदांपुरते. तेवढ्यात निळ्या कपड्यातली एक नर्स आली. केरळची होती. मोडक्या हिंदीत तिने विचारले, ‘‘चेची, कब से है?’’ परक्या देशात ‘कब से है’ हे तीन शब्द ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आले. तिने बीपी पाहिले. ते बरेच खाली गेले होते. औषधांची चिठ्ठी आणि गोळ्यांची पाकिटे माझ्या पिशवीत होती. ती पाहून डॉक्टरांनी बीपीची गोळी दोन दिवस बंद ठेवायला सांगितली. पाणी कमी झालेल्या शरीराला ती गोळी आणखी खाली नेते, असे नर्सने समजावले. शेजारच्या खाटेवर कुठल्याशा देशाच्या एक आजी होत्या. त्यांना साखरेचा आजार आहे एवढेच त्यांच्या नातवाला माहीत होते, गोळीचे नाव नव्हते. डॉक्टर आणि तो मुलगा फोनवर त्यांच्या घरी विचारत राहिले. त्यात बराच वेळ गेला.

मला सलाईन लागले. एका हाताला सुई होती. तयम्मुम करून मी पडल्या पडल्या इशाऱ्याने इशाची नमाज अदा केली. प्रवासात असल्यामुळे फर्जचे दोनच रकात. नंतर डोळे मिटून पडले तेव्हा एक गोष्ट मनात आली, जी इतकी वर्षे कुरआन वाचूनही इतक्या जवळून जाणवली नव्हती. अल्लाहने आपल्या किताबात आजारी माणूस आणि प्रवासी यांचा उल्लेख जोडीने केला आहे. सूरह बकरात रोजांची सवलत सांगताना दोघे एकत्र येतात. सूरह निसा आणि सूरह माइदात तयम्मुमची परवानगी देताना पुन्हा दोघे एकत्र येतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांनीही सांगितले आहे की, माणूस आजारी पडला किंवा प्रवासाला गेला, तर घरी आणि तंदुरुस्त असताना तो जी नेक कामे करत होता, त्यांचे पुण्य त्याच्या नावे लिहिले जाते. मी त्या रात्री दोन्ही होते. आजारी होते आणि प्रवासीही होते. ज्या दोघांची नावे अल्लाहने शेजारी शेजारी ठेवली, ती एकाच खाटेवर झोपली होती.

पहाटे खोलीवर आणले. पुढचे दोन दिवस मी पडूनच होते. तापात माणसाला कुठले काय आठवेल याचा नेम नसतो. मला आमच्या घरामागचे लिंबाचे झाड आठवत होते. चुलीवरची ज्वारीची भाकरी, तिचा फुगलेला पापुद्रा, माठातल्या पाण्याचा वास आठवत होता. ज्या शहरात येण्यासाठी आयुष्यभर दुआ केली, तिथे पडून मला धाराशिव आठवत होते. आधी थोडे ओशाळल्यासारखे झाले. मग मदिनेचाच एक जुना ताप आठवला.

हिजरत करून मुसलमान मक्केहून मदिनेला आले, तेव्हा तिथली हवा त्यांना मानवली नाही. अनेकांना तापाने घेरले. हजरत अबू बक्र (रजि.) आणि हजरत बिलाल (रजि.) दोघेही अंथरुणाला खिळले. हजरत आयेशा (रजि.) त्यांची विचारपूस करायला गेल्या. ताप उतरला की हजरत बिलाल मोठ्याने मक्केची आठवण काढत. तिथली दरी, तिथले गवत, तिथले पाणवठे पुन्हा दिसतील का, असे ते म्हणत. ज्या मक्केने त्यांना तापल्या वाळूवर झोपवून छातीवर दगड ठेवले होते, त्याच मक्केसाठी ते व्याकूळ झाले होते. हजरत आयेशांनी हे प्रेषितांना (स.) सांगितले. प्रेषितांनी त्यांना दोष दिला नाही. घराची आठवण काढता म्हणजे तुमच्या श्रद्धेत काही कमी आहे, असे म्हटले नाही. मदिनाही आम्हाला मक्केइतकी प्रिय कर, तिची हवा निरोगी कर आणि हा ताप इथून दूर ने, अशी त्यांनी अल्लाहकडे दुआ केली.

मी त्याच शहरात पडले होते. माझे ओशाळलेपण गेले. परक्या गावात ताप आलेल्या माणसाला घर आठवणारच.

घरी सांगायचे की नाही, यावर आमच्यात थोडी चर्चा झाली. मुलांचे अब्बू म्हणत होते, अम्मीला कळवू नये, अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, काळजीने झोपणार नाही. मला वाटत होते की सांगावे. तिला माझा आवाज ऐकूनच कळले असते. शेवटी फोन लावला. सगळे ऐकून अम्मी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘पानी पी रही ना? बस. ठीक होएगी.’’ मी म्हणाले, ‘‘अम्मी, परवा मक्केला जायचं आहे. तवाफ, सई, इतकं चालणं. कसं होणार?’’ ती म्हणाली, ‘‘अल्लाह आसानी दिया तो तू कायको मुश्किल करती मा?’’ आणि मग तिने मला तिच्या नानांची गोष्ट आठवण करून दिली, जी मी लहानपणापासून ऐकत आले आहे.

अम्मीचे नाना परंड्याचे. हैदराबाद संस्थानाच्या काळात ते हजला निघाले. परंड्याहून बैलगाडीने बार्शी, तिथून बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीने कुर्डुवाडी, तिथून मोठ्या गाडीने मुंबई आणि मग जहाज. निघताना ते गावातल्या प्रत्येक दारात गेले आणि बोलले-चालले माफ करा म्हणाले. आज आपण ही रीत हार-फुले आणि फोटो घेऊन पार पाडतो. त्या काळी ती शब्दशः खरी होती, कारण गेलेला माणूस परत येईलच असे नव्हते.

हज आणि रोगराई यांचा इतिहास मोठा आहे. १८६५ च्या हजमध्ये पटकीची साथ आली. तेव्हा जमलेल्या सुमारे ९० हजार यात्रेकरूंपैकी अंदाजे १५ हजार दगावले असे सांगितले जाते. तिथून साथ इजिप्तमार्गे युरोपात गेली आणि पुढच्या वर्षी कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला, अनेक देशांची आरोग्य परिषद भरली. १८८२ मध्ये उस्मानी सरकारने तांबड्या समुद्रात, येमेनच्या किनाऱ्याजवळच्या कामरान बेटावर क्वारंटाइनचा तळ उघडला. हिंदुस्थानातून येणारी हजची जहाजे तिथे थांबवली जात. माणसांना उतरवून घेत, त्यांचे कपडे वाफेच्या यंत्रात घालत आणि ठरावीक दिवस बेटावर ठेवत. मुंबईत प्लेग पसरला तेव्हा १८९७ मध्ये इंग्रज सरकारने मुंबईहून हजला जाणेच थांबवले होते. करोनाच्या काळात काबा रिकामा पाहून आपल्याला धक्का बसला. आपल्या पणजोबांना अशी बंदी ठाऊक होती.

अम्मीचे नाना कामरानवरून पुढे गेले, हज झाला आणि मक्केतच त्यांना हगवण लागली. निजामांनी आपल्या संस्थानातल्या हाजींसाठी मक्का-मदिनेत रुबाती बांधल्या होत्या. रुबात म्हणजे यात्रेकरूंसाठी फुकट उतरण्याची जागा. जुन्या हैदराबाद संस्थानातले म्हणून आजही मराठवाड्यातल्या हाजींना त्या सोयीचा हक्क आहे. नाना तिथे उतरले होते. बरोबरच्या गुलबर्ग्याच्या एका माणसाने त्यांची सेवा केली. पण ते वाचले नाहीत. घरी बातमी तीन महिन्यांनी आली, ती त्या गुलबर्ग्याच्या माणसाने परंड्याला येऊन सांगितली. नानीने त्याला एकच विचारले, ‘‘पानी कौन पिलाया?’’ तो म्हणाला, ‘‘मैं पिलाया.’’ त्या घरात त्या माणसाचे नाव पुढे दोन पिढ्या दुआत घेतले जात असे.

मुंबईहून जाणारी हजची जहाजे १९९५ मध्ये बंद झाली. आज आपण साडेपाच-सहा तासांत पोहोचतो. अम्मीने मला फोनवर पाणी पितेस ना म्हणून विचारले, तेव्हा मला कळले की तिच्या नानीचा तोच प्रश्न ती विचारत होती. आणि मला पाणी पाजणारे होते. हॉटेलमध्ये खोल्या झाडणारा एक बांगलादेशी मुलगा होता, माझ्या मुलाच्या वयाचा. कोणी न सांगता त्याने दोन दिवस मऊ भात आणि मीठ आणून दिले. पैसे देऊ केले तर घेईना. ‘‘आप मेहमान हैं,’’ एवढेच म्हणाला. झकात कुणाला द्यावी, हे कुरआनात सांगितले आहे. त्या आठ प्रकारच्या लोकांत ‘इब्नुस्सबील’ म्हणजे वाटसरूही आहे. आपण हे वाचतो आणि गरीब वाटसरू डोळ्यांसमोर आणतो. पण पैसा खिशात असूनही माणूस परक्या गावात असहाय होऊ शकतो, हे आजारी पडल्याशिवाय समजत नाही.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, प्रवास करा, पण लांब चालू नका आणि उन्हात थांबू नका. आता प्रश्न इहरामचा होता. मदिनेहून मक्केला जाणाऱ्यांनी जुल हुलैफा इथे इहराम बांधायचा असतो. त्या जागेला आता अबयार अली म्हणतात. मदिनेबाहेर थोड्याच अंतरावर ती मशीद आहे. एकदा नियत केली की उमरा पुरा करावा लागतो. वाटेत पुन्हा ताप चढला तर? मुलांच्या अब्बूंनी आमच्या मशिदीच्या इमाम साहेबांना फोन केला. आजारी माणसाने इहराम बांधताना ‘जिथे अडेन तिथे इहराम सोडेन’ अशी अट घालावी का, याबाबत मसलकांत मतभेद आहेत. म्हणून निघण्यापूर्वीच आपापल्या आलिमांना विचारून घेणे बरे. इमाम साहेबांनी आम्हाला आमच्या हनफी मसलकाप्रमाणे मार्ग सांगितला आणि वर म्हणाले, ‘‘बाजी, उसी जगह हजरत अस्मा को याद कर लो.’’

ती हकीकत अशी. प्रेषित (स.) अखेरच्या हजला निघाले, तेव्हा हजरत अबू बक्र (रजि.) यांच्या पत्नी हजरत अस्मा बिन्ते उमैस (रजि.) दिवस भरलेल्या असताना बरोबर होत्या. जुल हुलैफाला पोहोचताच त्या बाळंत झाल्या. मुलगा झाला. आता आपण काय करावे, असे त्यांनी प्रेषितांना विचारले. आपल्या घरात कुणी असे केले असते तर दहा बायका म्हणाल्या असत्या, ‘या अवस्थेत निघालीच कशाला?’ प्रेषितांनी असे काही म्हटले नाही. आंघोळ करा, कपडा घट्ट बांधा आणि इहरामची नियत करा, असे सांगितले. त्या पुढे गेल्या. मी त्या मशिदीत हात टेकत वुजू केला, दोन रकात बसून अदा केल्या आणि नियत केली. तिथून स्टेशनवर गेलो आणि गाडीत बसल्यावर मी लब्बैक म्हणत म्हणत झोपून गेले. २०१८ मध्ये सुरू झालेली ती हरमैन रेल्वे मदिना ते मक्का हे सुमारे साडेचारशे किलोमीटरचे अंतर अडीच तासांच्या आत कापते. हजरत अस्मा तान्ह्या बाळाला घेऊन हेच अंतर उंटावर गेल्या होत्या.

मक्केला पोहोचल्यावर मुलांच्या अब्बूंनी व्हीलचेअर मागवली. मला ती बघूनच कसेतरी झाले. सफा-मरवाच्या सात फेऱ्यांचे मिळून तीन किलोमीटरच्या वर चालणे होते. तवाफच्या सात फेऱ्यांत काबापासून जितके दूर राहावे तितके अंतर वाढते. मी शाळेला रोज दोन किलोमीटर चालत जाणारी बाई. त्रेसष्ट माणसांची वही घेऊन आले आणि खुर्चीत बसून फिरायचे? मनात आले, ही मेहनत कुणाची मोजली जाणार, माझी की खुर्ची ढकलणाऱ्याची?

तेव्हा हजरत उम्मे सलमा (रजि.) आठवल्या. अखेरच्या हजमध्ये त्या आजारी पडल्या आणि आपल्याला बरे नाही असे त्यांनी प्रेषितांना (स.) सांगितले. लोकांच्या मागून वाहनावर बसून तवाफ करा, असे त्यांनी सांगितले. त्यांनी तसा तवाफ केला तेव्हा प्रेषित काबाच्या बाजूला नमाज पढत होते आणि त्यात सूरह तूर पठण करत होते, इतका बारीक तपशील त्यांनी पुढे सांगून ठेवला आहे. मी त्यात एक गोष्ट पाहते. उम्मुल मोमिनीन आजारी पडल्या आणि त्यांनी ते बोलून दाखवले. लपवले नाही. बोलल्या म्हणून मार्ग मिळाला. त्यांच्या एका वाक्यामुळे चौदाशे वर्षांत किती म्हाताऱ्या, लंगड्या, तापलेल्या, बाळंतीण बायकांचा तवाफ झाला असेल!

मी खुर्चीत बसले. वरच्या मजल्यावरून तवाफ झाला. हात मोकळे होते, नजर खाली ठेवून पाय टाकायचे नव्हते, म्हणून मी वही मांडीवर उघडून ठेवली. एकेक नाव घेतले. डायलिसिसवाल्या भाऊंचे, अकरा वर्षे वाट पाहणाऱ्या बहिणीचे, आठवीच्या पोरींचे, काकांच्या पावसाचे. पायी चालले असते तर गर्दीत ही वही उघडताच आली नसती. त्रेसष्ट नावांनंतर कामरानवरून गेलेल्या नानांचे आणि ज्यांना मी कधी पाहिले नाही त्या गुलबर्ग्याच्या माणसाचे नाव घेतले. त्यांचे नाव अम्मीकडून मला ठाऊक होते.

परत आल्यावर शाळेत त्या सहकारी बाईंना हे सांगितले. त्या म्हणाल्या, ‘‘आमच्याकडं पण तसंच असतं. तुळजापूरच्या वाटेवर कुणाच्या पायाला फोड आले, कुणाला चक्कर आली, तर वाटेवरचे लोक धरून बसवतात, पाणी देतात, पाय चेपतात. कुठून आला, कोण आहे, विचारत नाहीत.’’ मला हे माहीत होते. कोजागिरीला आमच्या भागातले मुस्लिम दुकानदारही वाटेवर चहा-पाणी ठेवतात. तरी तिच्या तोंडून ऐकताना बरे वाटले.

आता थोडे व्यवहाराचे. उमरा असो, मुलाकडे दुबईला जाणे असो किंवा तरुणांचे सॅक अडकवून देश पाहणे असो, काही गोष्टी घरूनच करून ठेवाव्यात. रोजच्या औषधांची यादी डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून घ्यावी. तीत कंपनीच्या नावाबरोबर मूळ औषधाचे नाव असावे. चिठ्ठीची एक प्रत सामानात आणि एक फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. झोपेच्या आणि कडक वेदनाशामक गोळ्यांवर आखाती देशांत कडक नियम आहेत. त्या नेण्याआधी चौकशी करावी. आपल्या डिंकाच्या लाडवांत आणि मसाल्यात खसखस असते. सौदी अरेबिया आणि अमिरातीत खसखशीला बंदी आहे. ती चिमूटभरही नेऊ नये. हज-उमऱ्यासाठी मेंदूज्वराची लस पोहोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी. उमऱ्याच्या व्हिसाच्या पैशांतच आरोग्य विमा असतो. त्याचा कागद छापून जवळ ठेवावा, कारण अनेकांना तो आपल्याकडे आहे हेच ठाऊक नसते. सौदीत रेड क्रेसेंटच्या रुग्णवाहिकेचा क्रमांक ९९७ आहे आणि आरोग्य खात्याच्या सल्ल्याचा ९३७.

आणि ऊन. आपण मराठवाड्याचे लोक म्हणतो, आम्हाला उन्हाचे काय सांगता. पण जून २०२४ च्या हजमध्ये मक्केत पारा ५१ अंशांच्या वर गेला आणि तेराशेच्या वर यात्रेकरू दगावले, असे सौदी सरकारनेच जाहीर केले. आपले घर, आपली सावली, दुपारची आपली झोप सोडून आपण तिथे असतो. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. ओआरएस नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे, चमचा चहाचा. उन्हात कुणी असंबद्ध बोलू लागले, अंग भट्टीसारखे तापले, तर ते साधे चक्कर येणे नव्हे. त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी मारावे, वारा घालावा आणि लगेच रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये, मग ते जमजम का असेना.

आमच्या गल्लीत एक खाला आहेत. गुडघे गेलेत. मुलगा आठ वर्षे उमऱ्याला चला म्हणत होता आणि त्या म्हणत होत्या, ‘‘पैरों से नई हुआ तो क्या फायदा?’’ मी परत आले तेव्हा बायका जमल्या आणि एकीने विचारले, ‘‘सब पैदल हुआ ना?’’ मी म्हणाले, ‘‘नाही. तवाफ आणि सई, दोन्ही खुर्चीत.’’ आणि हजरत उम्मे सलमांची हकीकत सांगितली. खाला काही बोलल्या नाहीत. चार दिवसांनी त्यांचा मुलगा पासपोर्टच्या फोटोसाठी त्यांना घेऊन जाताना दिसला.

गेल्या हिवाळ्यात त्या जाऊन आल्या. निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांचे सामान पाहायला गेले. डिंकाचे लाडू काढून घेतले तेव्हा त्या माझ्यावर रागावल्या. त्या जागी थर्मामीटर, ओआरएसची सहा पाकिटे आणि औषधांचा इंग्रजी कागद ठेवला. कागदाखाली मुलाचा आणि माझा फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहिला आणि सांगितले, ‘‘खाला, जरा भी कुछ हुआ तो उसी वखत बोलना. छुपाना नई.’’ मदिनेहून त्यांचा फोन आला. खोकला झाला होता. पहिल्याच दिवशी सांगितले त्यांनी.